गावाचा घटनाक्रम लावताना या चुका टाळा

गावचा इतिहास, शाळेची शताब्दी स्मरणिका, विकास सोसायटीचा पन्नास वर्षांचा आढावा. सातारा-सांगलीकडे यातलं काही ना काही दरवर्षी छापून निघतं. बहुतेक पुस्तिकांत शेवटी 'महत्त्वाच्या घटना' अशी दोन-तीन पानं असतात आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडतात. लेख चार जण वाचून दुरुस्त करतात. तारखांची यादी मात्र कुणीतरी एका बैठकीत उतरवून देतो आणि ती तशीच छापखान्यात जाते.

क्रम चुकला तर काय बिघडतं ते साताऱ्याच्या वेढ्यावरून पाहा. औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला डिसेंबर १६९९ मध्ये. छत्रपती राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं मार्च १७०० मध्ये. किल्ला मोगलांच्या हाती गेला एप्रिल १७०० मध्ये. हा क्रम नीट मांडला की कळतं, छत्रपती गेल्याची बातमी आल्यावरही गड लगेच पडलेला नाही. पण यादीत नुसतं '१७०० – साताऱ्याचा पाडाव, राजाराम महाराजांचे निधन' असं छापलं की वाचणारा किल्ला पडल्याच्या धक्क्याने महाराज गेले असं खुशाल समजतो. वर्ष बरोबर, अर्थ उलटा. महिना लिहायला एक शब्द जास्त लागला असता, एवढंच.

मूळ नोंद टाकून देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कागदावर, शिलालेखावर किंवा देवळातल्या घंटेवर जी तारीख असते ती शकात, फसलीत (महसुली सनात), सुरू म्हणजे सुहूर सनात किंवा हिजरीत असते. लिहिणारा मनातल्या मनात इसवी सन काढतो, तेवढाच वहीत टिपतो आणि मूळ आकडा सोडून देतो. पुढे रूपांतर चुकलेलं दिसलं तरी दुरुस्त करायला हाती काही उरत नाही. म्हणून वहीत पहिला रकाना 'कागदात जसं आहे तसं' असा ठेवा. अक्षर न अक्षर उतरवा, तिथी आणि वार असेल तर तोही. इसवी तारीख दुसऱ्या रकान्यात.

शकाचं गणित सोपं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत पाठ झालेलं असतं. ते चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ३१ डिसेंबरपर्यंतच खरं आहे. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१. त्यात ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि एक वर्षाची चूक होते. ७९ मिळवले की १६३०. शाहू महाराजांचा साताऱ्याचा राज्याभिषेक माघ, शके १६२९ चा, म्हणजे जानेवारी १७०८. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ चा, पण ज्येष्ठातला, म्हणून तिथे ७८ आणि १६७४. थोडक्यात, माघ-फाल्गुन दिसला की ७९. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष या दिवसांत मात्र डोळे झाकून काहीच मिळवू नका. त्या वर्षी १ जानेवारी कोणत्या तिथीला आली ते जंत्रीत (तिथी-तारखांच्या तक्त्यात) पाहावंच लागतं.

आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची; उत्तरेतल्या पंचांगात तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमीचा. काशीहून किंवा उत्तरेतल्या इतर ठिकाणाहून आलेला हिंदी कागद हाती असेल आणि तिथी वद्य पक्षातली असेल, तर ही शंका आधी घ्या. नाहीतर घटना सरळ एक महिना पुढे ढकलली जाते. अधिक मास असलेलं वर्षही असंच फसवतं. 'ज्येष्ठ' एवढंच वाचून निज ज्येष्ठाची घटना अधिकात बसवली की पुन्हा महिन्याचा फरक.

पेशवाईतल्या मोडी कागदांवर सुरू सन अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो, आणि तोही एककापासून. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११७२ म्हणजे जून १७७१ ते जून १७७२. नुसतं '१७७१' लिहून मोकळं झालात तर फाल्गुनातली घटना एक वर्ष मागे गेली.

हिजरी सनाला बेरीज-वजाबाकी लावूच नका. ते वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, आणि साधारण ३३ हिजरी वर्षांत आपली ३२ वर्षं होतात. हिजरी ११११ मध्ये ६२२ मिळवले तर १७३३ येतं. खरं वर्ष १६९९-१७०० आहे. तक्ता पाहणं हाच मार्ग. मशिदी, दर्गे, जुन्या इनामांच्या सनदा यांच्या बाबतीत तीस-पस्तीस वर्षांच्या ज्या चुका छापलेल्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी या एका बेरजेतून आलेल्या असतात.

रूपांतर झालं की ताळा करायला सगळ्यात चांगलं हत्यार वार आहे. कागदात वार दिलेला असेल आणि काढलेल्या तारखेचा वार वेगळा येत असेल, तर कुठेतरी चुकलंय. एखाद्या दिवसाचा फरक तिथीमुळे पडू शकतो, कारण तिथी मध्यरात्री बदलत नाही. तीन-चार दिवसांचा फरक आला तर मात्र हिशेब पहिल्यापासून करा.

दोन इंग्रजी तारखांची सरमिसळ

औरंगजेब कधी मेला? एका पुस्तकात २० फेब्रुवारी १७०७ आहे, दुसऱ्यात ३ मार्च १७०७. दोन्ही बरोबर आहेत. पहिली जुन्या ज्युलियन पंचांगाची, दुसरी आज चालणाऱ्या ग्रेगोरियनची. त्या काळात दोहोंत ११ दिवसांचा फरक होता. फेब्रुवारी १७०० च्या आधी १० दिवसांचा होता. इंग्रजांनी १७५२ मध्ये नवं पंचांग घेतलं, पोर्तुगीज १५८२ पासून ते वापरत होते. त्यामुळे एकाच घटनेबद्दल मुंबईच्या इंग्रजाच्या पत्रात एक तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगिजाच्या पत्रात दुसरी असते.

आपण सर्रास वापरतो त्या शिवकालातल्या बऱ्याच तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. ६ जून १६७४ हा शनिवार ज्युलियन पंचांगात येतो. ग्रेगोरियनमध्ये तोच दिवस १६ जून. १९ फेब्रुवारी १६३० चा शुक्रवारही ज्युलियनच. मोबाइलवरचं कॅलेंडर मागे नेऊन वार पाहिला तर तो जुळणार नाही, आणि मग लोक मूळ नोंदच चुकीची ठरवतात. मोबाइल नवं पंचांग मागे ताणून दाखवतो, हे लक्षात ठेवलं की प्रश्न मिटतो.

यादीत कोणतंही एकच पंचांग ठेवा आणि कोणतं ठेवलं ते वर एका ओळीत लिहा. आठवड्याभरात घडलेल्या घटनांचा क्रम लावताना हे पाळलं नाही, तर उत्तर आधी आणि पत्र नंतर असा प्रकार होतो. इंग्रजांच्या जुन्या कागदांत आणखी एक खोच आहे: त्यांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. जानेवारी १७०८ मधलं पत्र '१७०७' या सालाखाली लावलेलं सापडू शकतं.

आजचं नाव कालच्या घटनेला

'१९४२ साली सांगली जिल्ह्यात…' हे वाक्य किती ठिकाणी छापलं गेलंय याची गणती नाही. १९४२ मध्ये सांगली जिल्हा नव्हताच. सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले १ ऑगस्ट १९४९ रोजी, आणि दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली जिल्हा झालं २१ नोव्हेंबर १९६० रोजी. १९४८ च्या आधी या भागात एक सलग जिल्हा नव्हता. इंग्रजी अंमलाचा सातारा जिल्हा आणि त्याच्या मधूनमधून सांगली, मिरज, औंध, फलटण अशी संस्थानं. ती ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली.

हे किरकोळ वाटतं, पण घटनांचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. कुंडल आज पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. चळवळीच्या काळात ते औंध संस्थानात होतं, आजूबाजूची बरीच गावं मात्र खालसातली, म्हणजे थेट इंग्रजी अंमलातली. इंग्रजांच्या पोलिसांना जिथे सरळ शिरता येत होतं आणि जिथे येत नव्हतं, त्यातला फरक या सीमेमुळे होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. तो तुरुंग सांगली संस्थानचा. 'इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातला तुरुंग' असं लिहिलं की पुढचं सगळं चुकत जातं.

उपाय म्हणून दोन रकाने: 'तेव्हाचं ठिकाण' आणि 'आजचं ठिकाण'. छापताना 'कुंडल (तेव्हा औंध संस्थान)' एवढं पुरतं.

हीच माहिती उलट्या बाजूनेही कामाला येते. तारीख नसलेला कागद हाती आला तर त्यावरची नावं पाहा. 'जि. दक्षिण सातारा' असा शिक्का म्हणजे १९४९ ते १९६० च्या दरम्यानचा कागद. फार तर जुना शिक्का काही महिने पुढे वापरला असेल. 'नये पैसे' असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचा. लेटरहेडवर पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. 'सांगली मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका' असेल तर १९९८ किंवा त्यानंतरचा. एखाद्या पावतीवर कुणी पेन्सिलीने '१९५१' लिहून ठेवलंय आणि आत हिशेब नव्या पैशात आहे, तर पेन्सिलवाला चुकलाय.

एकाच नावाची दोन माणसं

साताऱ्याचे शाहू महाराज १७४९ मध्ये गेले, दुसरे शाहू १७७७ ते १८०८ गादीवर होते, कोल्हापूरचे राजर्षी शाहू १९२२ मध्ये गेले. सांगलीला चिंतामणराव पटवर्धन दोन: १८०१ मध्ये वेगळं संस्थान उभं करणारे आप्पासाहेब, आणि विसाव्या शतकातले. 'चिंतामणरावांनी बांधलं' एवढ्यावर इमारतीचं साल ठरवलं तर शंभर वर्षं इकडची तिकडे होतात. नावापुढे कारकिर्दीची वर्षं लिहायची सवय लावून घ्या.

'स्थापना' एकच असते असं समजणं

संस्थेच्या आयुष्यात सुरुवातीच्या तारखा किमान चार असतात: कल्पना मांडली ती सभा, प्रत्यक्ष काम सुरू झालं तो दिवस, सरकारदरबारी नोंदणी, आणि स्वतःच्या जागेत स्थलांतर. साखर कारखान्याला यात पहिला गळीत हंगाम वाढतो, शाळेला मान्यता आणि अनुदान. स्मरणिकेच्या तीन लेखांत तीन सालं येतात ती यामुळे, आणि मग संपादक मंडळात भांडणं.

रयत शिक्षण संस्थेचं उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांचं वसतिगृहाचं काम दुधगावला आधीच सुरू झालं होतं. संस्थेची स्थापना १९१९ मध्ये विजयादशमीला कऱ्हाडजवळच्या काले गावी. मुख्य ठाणं साताऱ्याला आलं १९२४ मध्ये. कुणी 'रयतची सुरुवात साताऱ्यात १९२४ ला' असं लिहिलं तर त्याच्या डोळ्यांसमोर एक खरी घटना असते, फक्त ती वेगळी असते. यादीत 'स्थापना' हा मोघम शब्द गाळून नेमकी क्रिया लिहा: 'सभा झाली', 'पहिला वर्ग भरला', 'नोंदणी झाली', 'इमारतीत गेले'.

देवळांचंही असंच. दारावरचा किंवा कळसावरचा शक पुष्कळदा जीर्णोद्धाराचा असतो. देऊळ त्याच्या आधीचं आहे एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

आणि जमिनीच्या कागदात तर तीन-तीन तारखा. खरेदीखत झालं तो दिवस, तलाठ्याने फेरफार धरला तो दिवस, मंडल अधिकाऱ्याने तो मंजूर केला तो दिवस. वारसनोंदीत माणूस वारल्यावर दहा-पंधरा वर्षांनी नोंद झाल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. फेरफाराची तारीख मृत्यूची म्हणून घेतली की घराण्याच्या वंशावळीत आजोबा नातवाच्या लग्नाला हजर दिसतात, प्रत्यक्षात ते आधीच वारलेले. मृत्यूची तारीख हवी तर जन्म-मृत्यू नोंदवही, जुन्या काळासाठी कोतवाल बुक पाहा.

शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या १ जून या जन्मतारखेवरही भिस्त ठेवू नका. पोराला शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती तारीख आहे. अख्ख्या पिढ्यांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो.

तोंडी आठवणी: साल विचारू नका

ऐंशी वर्षांच्या माणसाला 'हे कोणत्या साली झालं?' असं विचारलं की तो एक साल सांगतो, कारण तुम्हाला साल हवंय हे त्याला कळतं. त्या सालाला फारसा अर्थ नसतो. त्याऐवजी मोठ्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेच्या आधी की नंतर ते विचारा.

आपल्या भागात अशा खुणा भरपूर आहेत. १९४८ ची गांधीवधानंतरची जाळपोळ. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ, सुकडी आणि मिलो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. 'भूकंप झाला तेव्हा विहिरीवर इंजिन होतं का मोट?' या प्रश्नाला उत्तर येतं आणि ते बहुधा बरोबर असतं. 'लग्न झालं तेव्हा थोरली मुलगी…' अशी साखळी लावत गेलं की दोन-तीन वर्षांच्या आत येता येतं.

पण खूण पक्की करून घ्या. माण-खटाव, आटपाडी, जतकडे 'दुष्काळात' म्हटलं की १९७२ च असं नाही. २००३ चाही असतो, २०१२-१३ चाही. पुराचंही तसंच. 'पाणी कुठवर आलं होतं?' हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. सांगलीकर 'आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलाला) किती फूट' हे सांगतो आणि त्यावरून साल निघतं: इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. शिवाय तो आयर्विन पूलच १९२९ चा, त्यामुळे त्याआधीच्या पुराच्या आठवणीत तो आला तर आठवण ऐकीव किंवा मिसळलेली समजा.

जोडवर्ष फोडणं

'सन १९६७-६८ मध्ये इमारत बांधली' या नोंदीतून सगळे १९६७ उचलतात. आधी कोणतं वर्ष ते बघा. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचं जूनपासून, महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत. इमारत भूकंपाच्या आधीची की नंतरची हे यावर ठरतं. अहवाल छापल्याचं साल आणि अहवालातलं वर्ष यांतही गल्लत होते.

दिवस आणि घड्याळ

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांचा, सोमवार. जागतिक भूकंप नोंदींत मात्र तो १० डिसेंबरला सापडेल, रात्री २२ वाजून ५१ मिनिटांनी, कारण त्या नोंदी ग्रीनिच वेळेत असतात आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे आहे. इंटरनेटवरून तारीख उचलणारा १० लिहितो, गावातला माणूस ११ सांगतो. गावातला बरोबर. शिवाय त्या काळी 'रविवारी रात्री झोपलो आणि भूकंप झाला' असं सांगणारा दिवस सूर्योदयाला बदलतो असं धरून बोलतोय, हेही ध्यानात घ्या.

दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतात घड्याळं एक तास पुढे केलेली होती. भूमिगत चळवळीतल्या घटनांच्या वेळा सरकारी कागदात आणि आठवणीत तासाभराने वेगळ्या दिसल्या तर लगेच कुणाला खोटं पाडू नका. वर्तमानपत्राचंही लक्षात घ्या: अंकावरची तारीख छापण्याची, घटना 'काल' किंवा 'परवा'ची. साप्ताहिक असेल तर आठवडा जुनीही.

एक्सेलवर भरवसा

यादी आता सगळे संगणकावर करतात आणि 'सॉर्ट' दाबलं की क्रम लागला असं मानतात. काय काय बिघडतं ते असं:

- एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळत नाही. तो ती मजकूर समजतो आणि अक्षरांच्या क्रमाने लावतो. त्यामुळे '१२ जानेवारी १७०८' हे '६ जून १६७४' च्या आधी बसतं.
- '११/१२/१९६७' हे संगणकाच्या सेटिंगनुसार ११ डिसेंबर किंवा १२ नोव्हेंबर होतं, आणि कुठलीही सूचना न देता होतं. १२ च्या वरचे दिवस असलेल्या तारखा बचावतात, म्हणून चूक अर्धीच दिसते आणि पकडली जात नाही.
- देवनागरी आकडे बऱ्याचदा मजकूर धरले जातात. क्रम लावायच्या रकान्यात इंग्रजी आकडे (1, 2, 3) टाका, छापायच्या रकान्यात देवनागरी.
- महिना ठाऊक नसेल आणि खाना रिकामा सोडला तर ती नोंद त्या वर्षाच्या सगळ्यात शेवटी जाते. शून्य टाकलं तर सगळ्यात आधी. दोन्ही वेळा तुम्ही न सांगितलेलं काहीतरी यादी सांगते.

यावर चालणारी मांडणी अशी: वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने न करता सहा करा. तीन 'लवकरात लवकर'चे आणि तीन 'उशिरात उशिरा'चे. '१९१९' एवढंच ठाऊक असेल तर १९१९-१-१ आणि १९१९-१२-३१. शके १६२९ एवढंच ठाऊक असेल तर १७०७ चा पाडवा ते १७०८ चा फाल्गुन. क्रम पहिल्या तिघांवर लावा. मग ज्या दोन नोंदींचे कालावधी एकमेकांत घुसतात त्यांच्यापुढे 'क्रम पक्का नाही' अशी खूण करा. घुसत नसतील तर क्रम पक्का, भले दिवस ठाऊक नसो. हे करायला थोडा वेळ जातो, पण कुठे आणखी शोध घ्यायचा ते आपोआप समोर येतं: फक्त खूण केलेल्या नोंदींच्या मागे लागायचं, बाकीच्यांच्या नाही.

'यानंतर' लिहून 'यामुळे' सुचवणं

इथे नुसत्या तारखा बरोबर असून भागत नाही. आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचं कारण असू शकते. असतेच असं नाही. नंतर घडलेली मात्र आधीच्या गोष्टीचं कारण कधीच होऊ शकत नाही. क्रम लावण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा दुसरा आहे: खोटी कारणं त्याने लगेच गळतात.

साताऱ्याचं राज्य खालसा झालं ते १८५७ च्या उठावाची शिक्षा म्हणून, असं लिहिलेलं कधीकधी वाचायला मिळतं. क्रम लावा. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केलं. त्यांचे भाऊ शहाजी गादीवर बसले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीला वारले, शहाजी एप्रिल १८४८ मध्ये. दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य घेतलं ते त्यानंतर लगेच. १८५७ अजून नऊ वर्षं लांब होतं. उलट, साताऱ्याची बाजू मांडायला लंडनला गेलेले रंगो बापूजी हात हलवत परतले आणि पुढे १८५७ चा कट उभा राहिला. त्यातल्या सतरा जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर मृत्युदंड दिला गेला. कारण आणि परिणाम यांची जागाच बदलते.

प्रतिसरकारचंही, म्हणजे सातारा भागात भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारचंही, असंच. 'प्रतिसरकारने तहसील कचेऱ्यांवर मोर्चे काढले' हे वाक्य क्रमाला धरून नाही. तासगावचा मोर्चा ३ सप्टेंबर १९४२, वडूजचा ९ सप्टेंबर, इस्लामपूरचा १० सप्टेंबर. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि समांतर कारभार १९४३ मध्ये आकाराला आला. शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली ७ जून १९४३ ला, धुळ्याचा खजिना १४ एप्रिल १९४४ ला. मोर्चे आधी, प्रतिसरकार नंतर. मोर्च्यांवर गोळ्या चालल्या म्हणून लोक भूमिगत मार्गाकडे वळले, असं म्हणायला इथे निदान जागा तरी आहे. क्रम उलटा केला तर ती जागाच राहत नाही.

कोयनेबाबत क्रम पाहा: शिवाजीसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) पाणी साठायला लागलं साठीच्या दशकाच्या सुरुवातीला, लहान धक्के त्यानंतर जाणवू लागले, मोठा भूकंप १९६७ अखेर. जलाशयाच्या भाराचा आणि भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञांनी तपासायला घेतला तो या क्रमामुळे. पण क्रमाने संशय घ्यायला जागा दिली. सिद्ध करायला धक्क्यांच्या नोंदी आणि पाण्याची पातळी यांचा मेळ घालावा लागला. गावच्या इतिहासात एवढं करता येत नाही, तेव्हा पुरावा नसेल तिथे 'म्हणून' आणि 'त्यामुळे' काढून 'त्यानंतर तीन महिन्यांनी' असं नेमकं अंतर लिहा. कारणाचा निवाडा वाचकाला करू द्या.

पुराची टिपणं

वर्षांऐवजी तासांचा क्रम लावायची वेळ येते ती पुरात, आणि वादही तिथेच पेटतात. कोयनेतून विसर्ग सोडल्यामुळे सांगलीत पाणी चढलं का, हा प्रश्न निघाला की प्रत्येकाच्या हातात एकेक मेसेज असतो. त्यात चार वेगवेगळ्या वेळा मिसळलेल्या असतात: विसर्ग वाढवण्याचा निर्णय, दरवाजे प्रत्यक्ष उचलले ती वेळ, बातमी फिरली ती वेळ, आणि पाणी तुमच्या गावाला पोहोचलं ती वेळ. सोडलेलं पाणी कऱ्हाड, बहे, भिलवडी करत आयर्विनला यायला वेळ घेतं. विसर्ग वाढवला त्याच तासाला सांगलीत पाणी चढलेलं दिसत असेल, तर ते चढणं त्या विसर्गाचं नाही. आधीच्या विसर्गाचं, वारणेचं किंवा मधल्या खोऱ्यातल्या पावसाचं आहे. तेव्हा प्रत्येक नोंदीला 'घडल्याची वेळ' आणि 'कळल्याची वेळ' असे दोन रकाने हवेतच, आणि फूट कोणत्या पुलावर मोजले तेही.

फोटोंचा क्रम फाइलच्या नावावरून लावू नका. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावातली तारीख तो तुमच्या फोनवर उतरल्याची असते, आणि मूळ टिपल्याची वेळ बहुधा पुसली गेलेली असते. २०१९ च्या पुराचे म्हणून फिरणारे काही फोटो २००५ चे निघतात ते असेच. ज्याने काढला त्याच्या फोनमधली मूळ फाइल मागा. ती नसेल तर फोटोतल्या पाण्याची रेघ एखाद्या दुकानाच्या पायरीशी किंवा फलकाशी ताडून पाहा आणि ती त्या दिवसाच्या पातळीशी जुळवा. तेही जमलं नाही तर फोटोखाली 'ऑगस्ट २०१९, दिवस अनिश्चित' असं छापा आणि पुढच्या नोंदीकडे वळा.